वाढीच्या वेदना : नावात कारण आहे, पुराव्यात नाही

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. भाचा पाच वर्षांचा. दिवसभर सायकल फिरवून झोपला होता आणि आता उठून "पाय दुखतोय" म्हणत रडत होता. दोन महिन्यांत असं चार-पाच वेळा झालेलं. मागून आईचा आवाज येत होता, "अगं, हाडं वाढतायत त्याची. तेल लावून चोळ." मी तेच जरा शास्त्रीय थाटात सांगितलं : याला वाढीच्या वेदना म्हणतात, ग्रोइंग पेन्स. काळजी नको.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी ताईला एकही प्रश्न विचारला नव्हता. एक पाय की दोन्ही? सकाळी नीट चालतो का? ताप? काहीच नाही. नाव आठवलं आणि ते चिकटवून मोकळा झालो. (मी डॉक्टर नाही. पीएच.डी. झाल्यावर होईन तो डॉक्टर वेगळा.) मग झोप लागेना म्हणून शोधनिबंध काढून बसलो. जे सापडलं ते संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

नाव कुठून आलं?

हे नाव साधारण 1823 पासूनचं, फ्रेंच वैद्य मार्सेल दुशाँ यांच्या लेखनापासूनचं मानतात. म्हणजे दोनशे वर्षं झाली. गंमत अशी की या नावातच कारण गृहीत धरलंय : मूल वाढतं, म्हणून दुखतं.

हे गृहीतक तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मूल पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटीमीटर वाढतं. चार ते आठ या वयात वर्षाला 5-6 सेंटीमीटर. वयात येताना वेग पुन्हा वाढतो. आता हे दुखणं कधी दिसतं? बहुतेक वेळा तीन ते बारा या वयात, म्हणजे वाढ तुलनेने संथ असते तेव्हा. वाढ हेच मुख्य कारण असतं तर सगळ्यात जास्त तक्रार वाढीचा वेग सगळ्यात जास्त असताना दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाही. थकवा, वेदना जाणवण्याचा कमी उंबरठा अशी इतर स्पष्टीकरणं मांडली गेली आहेत, पण एकावर एकमत नाही.

आकडे इतके वेगळे का?

1951 मध्ये इंग्लंडमधल्या नेश आणि अ‍ॅप्ली यांनी कडक व्याख्या घेतली : दुखणं किमान तीन महिने अधूनमधून होणारं, सांध्यात नसलेलं, आणि झोप किंवा रोजचे व्यवहार मोडतील इतकं तीव्र. त्यांना शाळकरी मुलांत प्रमाण 4.2 टक्के मिळालं. 2004 मध्ये इव्हान्स आणि स्कटर यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना प्रश्नावली दिली. तिथे आलं 36.9 टक्के. त्याआधीच्या अभ्यासांतले अंदाज तर 2.6 पासून 49.6 टक्क्यांपर्यंत पसरलेले होते.

अर्धशतकात मुलांचे पाय नऊपट दुखायला लागले का? असा निष्कर्ष काढता येणार नाही. वयोगट वेगळा, मोजायची पद्धत वेगळी, आणि मुख्य म्हणजे "कशाला मोजायचं" तेच वेगळं.

2022 मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी पीडियाट्रिक्स या नियतकालिकात 145 अभ्यास चाळून फक्त एवढंच पाहिलं, की कोण काय व्याख्या करतं. सर्वांत जास्त वेळा आलेला मुद्दा होता "दुखणं पायात", आणि तोही निम्म्याच अभ्यासांत. संध्याकाळी किंवा रात्री दुखतं, हे 48 टक्क्यांत. आणि 93 टक्के व्याख्यांत वाढीचा उल्लेखच नव्हता! नाव वाढीचं, व्याख्येत वाढ गायब.

मग काळजी कधी करायची?

हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. वाढीच्या वेदना हे निदान इतर कारणं बाजूला सारून करायचं असतं. तपासणीआधीच नाव चिकटवलं की ती पायरीच गळते. सांध्यांचा दाह, हाडातला जंतुसंसर्ग आणि क्वचित रक्ताचा कर्करोगसुद्धा सुरुवातीला "पाय दुखतो" एवढ्याच तक्रारीने येऊ शकतो.

नेहमीचं चित्र साधारण असं : दोन्ही पाय, मांड्या, पोटऱ्या किंवा गुडघ्यामागे, संध्याकाळी किंवा रात्री, चोळलं की बरं वाटतं, सकाळी मूल उठून पळायला लागतं, मधले कितीतरी दिवस काहीच नाही.

पुढचं काहीही दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं :

- दुखणं कायम एकाच पायात किंवा एकाच जागी
- लंगडणं, किंवा सकाळी पाय आखडलेले असणं
- सांधा सुजलेला, लाल किंवा गरम
- ताप, वजन घटणं, फिकटपणा, विनाकारण काळेनिळे डाग
- दुखणं दिवसाही राहणं किंवा वाढत जाणं
- हात लावू न देणं

शेवटची खूण मला फार बोलकी वाटते. वाढीच्या वेदनांमध्ये मूल सहसा स्वतःच "चेप ना" म्हणतं. दाबल्यावर किंचाळत असेल तर गोष्ट वेगळी असू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला फोन केला आणि या यादीतला एकेक प्रश्न विचारला. दोन्ही पाय, ताप नाही, सकाळी ठणठणीत. तरी म्हटलं, एकदा दाखवून ये. डॉक्टरांनी पाय, सांधे, चाल सगळं तपासलं आणि तेच नाव सांगितलं जे मी सांगितलं होतं. ताई म्हणाली, "म्हणजे तुझं बरोबरच होतं की!" मी म्हटलं, "नाही गं. उत्तर बरोबर आलं, रीत चुकली होती." गणिताच्या पेपरात अशा उत्तराला किती गुण मिळतात, ते आपल्याला ठाऊक आहेच.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर आज एक काम करा. तुमच्या शीर्षकातला मुख्य शब्द घ्या. "ताण", "कुपोषण", "प्रदूषण", जो असेल तो. त्यात काय धरणार, काय वगळणार आणि कशाने मोजणार, हे चार ओळींत लिहा. मग त्या शब्दातच एखादं कारण लपून बसलंय का ते बघा. चार ओळी जमल्या नाहीत, तर लिटरेचर रिव्ह्यू तिथूनच सुरू करायचा.