छातीवरचा इतिहास (भाग ७) : ओमाहेकेची पट्टी

मागच्या भागात आपण चीनच्या मोहिमेचं जर्मन पदक पाहिलं. ते निघाल्यावर सहा वर्षांनी, १९ मार्च १९०७ रोजी, सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं आणखी एक मोहीमपदक जाहीर केलं. हे जर्मन दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या युद्धासाठी होतं. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीचं मस्तक आणि भोवती वसाहतीचं नाव व ‘१९०४-०६’. मागे मुकुट, सम्राटाचं आद्याक्षर, तलवारी आणि ‘विजयी लढवय्यांना’ अशा अर्थाचा जर्मन मजकूर. लढलेल्यांना ते कांस्यात मिळे. लढाईत नसलेल्या, पण मोहिमेला हातभार लावणाऱ्यांना पोलादात, वेगळ्या मजकुरासह.

हे पदक हाती आलं की संग्राहक सगळ्यात आधी नाव शोधतो आणि ते त्याला सापडत नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची ब्रिटिश पदकं सातारा आणि कोकणातल्या अनेक घरांत आजही जपलेली आहेत. त्यांच्या कडेवर पणजोबांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. जर्मनांनी या पदकावर नाव घातलं नाही. सोबतचं प्रमाणपत्र टिकलं असेल तरच माणूस कळतो, म्हणून त्या कागदाला पदकाहून अधिक भाव येतो. कागद नसेल तर उरतात त्या फितीवर सरकवलेल्या धातूच्या अरुंद पट्ट्या. संग्राहक त्यांना क्लॅस्प म्हणतात. प्रत्येक पट्टीवर एका लढाईचं किंवा प्रदेशाचं नाव असतं: हेरेरोलँड, ओंगान्जिरा, वॉटरबर्ग, ओमाहेके, ग्रोस-नामालँड, फालग्रास, ऑब, कालाहारी. पट्टी जितकी दुर्मीळ तितकी किंमत जास्त. फितीवर सुटी पट्टी नंतरही चढवता येते, त्यामुळे बनवाबनवीला भरपूर वाव. संग्राहकांची चर्चा बहुतेक इथेच थांबते: पट्टी अस्सल आहे का, अक्षरांचा साचा बरोबर आहे का, फीत जुनी आहे का.

मला विचारायचं असतं ते त्या नावांबद्दल. त्या ठिकाणी काय घडलं?

जानेवारी १९०४ मध्ये सॅम्युएल महारेरो यांच्या नेतृत्वाखाली हेरेरो लोक जर्मन सत्तेविरुद्ध उठले. जमिनी आणि गुरं हातची जात होती, व्यापाऱ्यांची कर्जं डोक्यावर होती आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या अत्याचारांना दाद नव्हती. गव्हर्नर लॉयटवाइन वाटाघाटींच्या बाजूचे होते. बर्लिननं त्यांना बाजूला सारून जनरल लोथार फॉन ट्रोथाकडे युद्ध सोपवलं. पूर्व आफ्रिका आणि चीन या दोन्ही मोहिमा त्यानं आधी केल्या होत्या. ११ ऑगस्ट १९०४ रोजी वॉटरबर्गच्या पठाराशी लढाई झाली. तिथे हेरेरोंचे फक्त लढवय्ये नव्हते. बायका, मुलं, म्हातारी माणसं, गुरांचे कळप असा सगळा समाजच गोळा झाला होता. जर्मन वेढ्यातून ते पूर्वेकडे निसटले. पूर्वेला ओमाहेकेचं कोरडं वाळवंट होतं.

जर्मन तुकड्यांनी पाठलाग केला, वाळवंटाच्या कडेचे पाणवठे ताब्यात घेतले आणि परतीचा रस्ता बंद केला. २ ऑक्टोबरला ट्रोथानं फर्मान काढलं. जर्मन हद्दीत दिसणारा प्रत्येक हेरेरो पुरुष, त्याच्याकडे बंदूक असो वा नसो, मारला जाईल. बायका-मुलांना आसरा मिळणार नाही, त्यांना माघारी हाकललं जाईल किंवा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील. डिसेंबरमध्ये बर्लिननं ते मागे घ्यायला लावलं. तोवर हजारो माणसं तहानेनं मेली होती. जर्मन जनरल स्टाफनं या युद्धाचा अधिकृत वृत्तांत छापला, त्यात तर अभिमानानं म्हटलं आहे की शस्त्रांनी सुरू केलेलं हेरेरोंच्या नाशाचं काम निर्जल ओमाहेके पुरं करणार होती. आणि त्या वाळवंटाच्या नावाची पट्टी काढली गेली. १९०५ मध्ये ट्रोथाला प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, ‘पूर ल मेरिट’, मिळाला.

फालग्रासच्या पट्टीची कहाणी नामा लोकांची आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्या परिसरात जखमी होऊन त्यांचे नेते हेंड्रिक विटबोई मरण पावले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. आज त्यांचा चेहरा नामिबियाच्या चलनी नोटांवर आहे. १८९३ मध्ये हॉर्नक्रान्सच्या हल्ल्यात जर्मन फौजेनं लुटलेलं त्यांचं बायबल आणि चाबूक स्टुटगार्टच्या संग्रहालयानं २०१९ मध्ये नामिबियाला परत केले.

पट्ट्यांच्या यादीत एक नाव मात्र कुठेच नाही: शार्क आयलंड. लुडेरिट्स बंदरालगतच्या या खडकाळ जागेवर कैद्यांची छावणी होती. अटलांटिकचा थंड वारा, अपुरं अन्न, बंदर आणि रेल्वेची सक्तीची मजुरी. हेरेरो आणि नामा, बायका-मुलांसकट, तिथे मोठ्या संख्येनं मेले. बेथानीचे नामा नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स यांचा मृत्यू फेब्रुवारी १९०७ मध्ये तिथेच झाला. पुढच्याच महिन्यात सम्राटानं पदक जाहीर केलं, तेव्हा ही छावणी चालू होती. मृतांपैकी काहींची डोकी शास्त्रीय संशोधनाच्या नावाखाली जर्मनीत पाठवली गेली आणि ती साफ करायला हेरेरो स्त्रियांनाच काचांच्या तुकड्यांनी मांस खरवडावं लागलं. २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये काही कवट्या आणि अवशेष नामिबियाला परत आले.

युद्धापूर्वी हेरेरोंची संख्या अंदाजे ८० हजार मानली जाते. १९११ च्या मोजणीत सुमारे १५ हजार उरले. नामा अंदाजे २० हजार होते, त्यांतले जवळपास निम्मे गेले. मे २०२१ मध्ये जर्मन सरकारनं आजच्या दृष्टीनं हा वंशसंहार होता असं मान्य केलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली. हेरेरो आणि नामांच्या अनेक प्रतिनिधींना हे पुरेसं वाटलं नाही: वाटाघाटींत आपल्याला नीट स्थान नव्हतं आणि देऊ केलेल्या रकमेला भरपाई म्हटलेलं नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. तो मला योग्य वाटतो.

मग हे पदक बाळगावं का? स्वस्तिक असलेल्या नाझी काळातल्या पदकांच्या प्रदर्शनावर आणि विक्रीवर जर्मनीत निर्बंध आहेत. सम्राटाच्या काळातली ही पदकं मात्र उघड विकली जातात. ती वितळवून टाकावीत असं मला वाटत नाही. ज्या राज्यानं पुढे शंभराहून अधिक वर्षं वंशसंहाराची कबुली टाळली, त्याच राज्यानं १९०७ मध्ये आपला सैनिक ओमाहेकेत होता हे धातूत घालून दिलं आहे. असा कबुलीजबाब नष्ट करणं म्हणजे आरोपीचं काम सोपं करणं. पण तो नुसता ‘दुर्मीळ पट्टी, मूळ फीत, उत्तम स्थिती’ एवढ्या ओळीसह कपाटात ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. संग्राहकानं नोंदवहीत पट्टीच्या नावापुढे तिथे मेलेल्यांची नोंद करावी. प्रमाणपत्र असेल तर ते पदकापासून वेगळं विकू नये, कारण पदकामागचा माणूस ओळखायचा तोच एक धागा असतो. आणि तुकडीची कागदपत्रं हाती आली तर ती अभ्यासकांना पाहू द्यावीत.

या गोष्टीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. महारेरो परागंदा अवस्थेत मरण पावले आणि २६ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांना ओकाहांज्यात पुरण्यात आलं. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये हेरेरो तिथे जमतात. पुरुष जर्मन धाटणीचे गणवेश आणि बिल्ले घालून संचलन करतात. छायाचित्र पाहून अनेक परके लोक गोंधळतात. पण ते कपडे घालून हेरेरो आपल्या पूर्वजांना मानवंदना देतात, शत्रूला नव्हे. पदकांचा इतिहास लिहिणाऱ्यानं हा गणवेशही तितक्याच लक्षपूर्वक पाहायला हवा.

एक तांत्रिक बाब, नवशिक्यांसाठी. पदकावर १९०४-०६ असलं तरी ‘कालाहारी १९०८’ अशी पट्टी दिसली म्हणजे लगेच बनावट समजू नका. मार्च १९०८ मध्ये कॅप्टन फॉन एर्कर्ट यांची उंटस्वारांची तुकडी नामा नेते सायमन कूपर यांच्या मागावर कालाहारीत शिरली होती. ती पट्टी त्या मोहिमेची आहे.

पुढच्या भागात १९१२ चं वसाहतपदक आणि त्यावरची ‘जर्मन पूर्व आफ्रिका १९०५/०७’ ही पट्टी. ती माजी माजी उठावाची आहे. तिथे पिकं आणि धान्याची कोठारं जाळल्यानं पडलेल्या दुष्काळानं लढाईपेक्षा कितीतरी जास्त बळी घेतले. त्याच भूमीवर नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरात जर्मन फौजेचं नेतृत्व केलं ते पाउल फॉन लेट्टो-फोरबेक यांनी. दहा वर्षांपूर्वी ते ट्रोथाच्या हाताखाली दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत होते. टांगाला त्यांच्यासमोर उतरलेली हिंदी फौज मुंबईहून जहाजानं गेली होती.