तांब्याचा तळ दिसतो, म्हणून पाणी शुद्ध?

पावसाळ्याचे पहिले आठ-दहा दिवस उलटले की माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. पाणी कोणते पिता, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "नळाचंच, डॉक्टर. अगदी स्वच्छ असतं." स्वच्छ म्हणजे काय, तर तांब्यात ओतल्यावर तळ दिसतो. या समजुतीविषयी आज लिहायचे आहे.

पाण्याचा गढूळपणा मोजता येतो. पूर्वी त्याची एक मजेशीर युक्ती होती. काचेच्या उभ्या नळीखाली मेणबत्ती लावायची, वरून बघत नळीत हळूहळू पाणी ओतायचे आणि ज्योत दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजायची. जितक्या कमी उंचीत ज्योत हरवेल तितके पाणी गढूळ. आता यंत्रे आली आहेत. पाण्यात प्रकाशाचा झोत सोडतात आणि तो कणांवर आपटून बाजूला, काटकोनात, किती विखुरला हे यंत्र सांगते. या मापाला एनटीयू म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हा आकडा १ पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. आता अडचण बघा. ४-५ च्या खालचा गढूळपणा आपल्या डोळ्यांना सहसा कळतच नाही!

न दिसणारा गढूळपणा काय करू शकतो, हे अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९९३ साली अनुभवले. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे मोठे शहर. शुद्धीकरणाची दोन केंद्रे, क्लोरीनची व्यवस्था, सगळे जागच्या जागी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दक्षिणेकडील केंद्रातून गाळून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढू लागला. एरवी पाव एनटीयूच्या आसपास राहणारा आकडा २८ आणि ३० मार्चला १.७ वर गेला. पेल्यात धरून पाहिले असते तर कोणालाही ते पाणी निर्मळच वाटले असते. नेहमीच्या जंतुतपासणीतही दोष आढळला नाही आणि त्या वेळच्या नियमांत तो आकडा बसत होता. ५ एप्रिलच्या सुमारास शाळांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत एकाएकी गैरहजेरी वाढली. जुलाबाची औषधे दुकानांतून संपली. ७ एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला, ९ तारखेला ते केंद्र बंद करण्यात आले. तोवर अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले होते. पुढे पन्नासहून अधिक मृत्यू या साथीशी जोडले गेले. त्यांतील बहुतेक एड्सचे, म्हणजे प्रतिकारशक्ती खचलेले रुग्ण होते.

जंतू होता क्रिप्टोस्पोरिडियम. आकाराने मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग आणि कवच इतके चिवट की नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला मारू शकत नाही. त्याला गाळणीतच अडवावे लागते. गाळणी नीट चालते की नाही, हे चटकन सांगणारा आकडा म्हणजे गढूळपणा. जंतुतपासणीचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, हे यंत्र मात्र त्याच क्षणी बोलते. मिलवॉकीत ते बोलले होते. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेने नियम कडक केला. मोठ्या केंद्रांत गाळलेल्या पाण्याचे १०० पैकी ९५ आकडे ०.३ च्या आत हवेत आणि एकही १ च्या वर नको, असे ठरले.

आपल्याकडे पहिल्या पावसात नदीला तांबडे पाणी येते, तेव्हा गढूळपणाचा आणखी एक उपद्रव होतो. मातीचे कण आणि कुजका पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात, शिवाय कणांच्या आड जंतू लपतात. टीसीएल पावडर रोजच्याइतकीच टाकूनही मग ती अपुरी पडते. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणाची नोंदवही असते. गाळल्यानंतरचा आजचा आकडा किती, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला जरूर विचारा. विचारणारे दोन-चार जण असले की नोंदी वेळच्या वेळी होतात, असा माझा अनुभव आहे.

घरी यंत्र नसते. पण हातातले वर्तमानपत्र उपयोगी पडेल. अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरून ठळक मथळ्यावर उभी ठेवा आणि तोंडातून खाली पाहा. दीड सेंटिमीटर उंचीची अक्षरे वाचता आली नाहीत, तर गढूळपणा साधारण ३० च्या वर आहे. अक्षरे दिसली म्हणजे पाणी पिण्याजोगे, असा अर्थ मात्र काढू नका.

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून भांडे काही तास झाकून ठेवावे. वरचे निवळलेले पाणी न हलवता दुसऱ्या भांड्यात काढून दुपदरी फडक्यातून गाळावे. त्यानंतरच क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पुष्कळ घरी मी उलटा क्रम पाहतो, आधी औषध आणि मग तुरटी! तसे केल्यास औषध गाळातच खर्ची पडते. घरात तान्हे मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण असेल, तर पाणी खळाखळा उकळूनच द्यावे. उकळण्यापुढे क्रिप्टोस्पोरिडियमचाही टिकाव लागत नाही. आणि बाहेरचा बर्फ टाळावा. मिलवॉकीत त्या दिवसांत तयार झालेल्या बर्फाच्या लाद्या नंतर तपासल्या, तेव्हा त्यांतही हे जंतू सापडले होते.