उतारवयातील प्रोस्टेटचा त्रास : नैसर्गिक उपाय कोठे उपयोगी, कोठे अपुरे

अहवालातील जमाखर्चाच्या पानांबरोबर आरोग्यविषयक एखादा लेख असावा, या हेतूने यंदा आम्ही वृद्ध पुरुषांच्या लघवीच्या त्रासाचा विषय निवडला आहे. घरोघरी असलेला आणि घरोघरी लपविला जाणारा असा हा त्रास आहे. आम्ही स्वतः डॉक्टर नाही. आमची पदवी वाणिज्य शाखेची आणि काम हिशेब व व्यवस्था पाहण्याचे. त्यामुळे वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. मात्र विषय निवडण्याचे कारण आमच्या खिडकीसमोरच रोज उभे असते. जामचा चौक म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि चंद्रपूरकडे फुटणारा रस्ता यांचा संगम. समुद्रपूर, हिंगणघाट, वरोरा या बाजूंनी येणारे वृद्ध गृहस्थ नोंदणीच्या वेळी "पोट दुखते" एवढेच सांगतात आणि खरी तक्रार डॉक्टरांच्या खोलीत, तीही मुलाला बाहेर पाठवून सांगतात. बहुतेकांच्या पिशवीत कुठल्यातरी चूर्णाची पुडी असते. "आधी नैसर्गिक उपाय करून पाहू, मग बघू" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा नीट विचार व्हावा असे वाटले.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ आढळते. ही वाढ कर्करोग नव्हे. ग्रंथी बाहेरून किती वाढली यापेक्षा ती नळीवर किती दाब देते यावर त्रास अवलंबून असतो, म्हणून लहान ग्रंथी असलेला मनुष्य हैराण आणि मोठी असलेला निवांत, असे चित्र पुष्कळदा दिसते. धार बारीक होणे, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, झाल्यावरही उरल्यासारखे वाटणे, अनावर घाई होणे आणि रात्री वारंवार उठावे लागणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

हा त्रास नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी 'अष्ठीला' या प्रकारात मलमार्ग आणि बस्ती यांच्या मधल्या जागी दगडासारखी घट्ट गाठ निर्माण होऊन लघवी अडते, असे वर्णन आहे. ते वाचताना ग्रंथकारांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. गोखरू, वायवर्णा, पुनर्नवा यांचा वापर वैद्य परंपरेने करीत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात तर निसर्गोपचाराविषयी विशेष आदर आहे, आणि तो असणे स्वाभाविकही आहे. महात्मा गांधी 1936 पासून सेवाग्रामला राहिले. माती, पाणी, मिताहार आणि चालणे यांवर त्यांची श्रद्धा होती. 1946 मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. परंतु याच गांधीजींवर 12 जानेवारी 1924 च्या रात्री, येरवड्याच्या कारावासात असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. संमतिपत्रावर गांधीजींनी स्वतः सही केली होती. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्ताही वेळ आली तेव्हा सर्जनच्या हाती गेला, हे आम्ही पुडी घेऊन येणाऱ्या मंडळींना आवर्जून सांगतो.

आता उपायांकडे वळू. 2007 मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लघवीचा त्रास असलेल्या, परंतु गुंतागुंत नसलेल्या 140 पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय देखरेख मिळाली. दुसऱ्याला त्याबरोबरच पाणी केव्हा व किती प्यावे, चहा-कॉफी व मद्य किती घ्यावे, मूत्राशयाला सवय कशी लावावी हे लहान गटांत बसवून शिकविण्यात आले. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटात 42 टक्के पुरुषांना हा उपचार अपुरा पडला, तर शिकविलेल्या गटात केवळ 10 टक्के जणांना. येथे ना जडीबुटी होती ना नवे औषध. केवळ सवयींची शिस्त होती. नैसर्गिक उपाय म्हणून ज्याची खात्री देता येईल असा हाच उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

या शिस्तीत पहिले स्थान पाण्याचे. रात्री उठावे लागू नये म्हणून झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास पाणी, चहा, ताक बेताने घ्यावे, हे योग्यच आहे. परंतु आपल्याकडे काही वृद्ध दिवसभरच पाणी तोडतात. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि अशा दिवसांत शेतावर अथवा एस.टी.च्या प्रवासात पाणी न पिणे म्हणजे मूतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग व उष्माघात यांना आमंत्रण होय. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला अधिक टोचते आणि घाई उलट वाढते. म्हणून पाणी कमी करावयाचे नसून त्याची वेळ बदलावयाची आहे. सकाळपासून दुपारपर्यंत पुरेसे प्यावे, सायंकाळनंतर आवरते घ्यावे. चौकातल्या टपरीवरचा सायंकाळचा चौथा चहा मात्र खुशाल सोडावा.

दुसरी गोष्ट बसण्याची. आपले जुने लोक लघवीला बसत असत. 2014 मध्ये नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी बसून लघवी केल्यास मूत्राशयात शिल्लक राहणारी लघवी कमी होते, असे त्यांना दिसले. गुडघे दुखत असतील तर कमोडवर बसावे. एकदा झाल्यावर घाईने न उठता मिनिट-दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. यासोबत बद्धकोष्ठ होऊ न देणे, रोज चालणे, वजन आणि मधुमेह ताब्यात ठेवणे हे आहेच; त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते. एक सूचना मात्र फारशी ठाऊक नसते. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या व सिरप यांमध्ये असे घटक असतात की, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्यांनी एकाएकी तुंबू शकते. औषध घेताना दुकानदारास आपला हा त्रास सांगावा.

रात्रीच्या उठण्याविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे, कारण त्याचे सगळे खापर प्रोस्टेटवर फोडले जाते. घरी एक मोजमापाचे प्लास्टिकचे भांडे घ्यावे आणि तीन दिवस प्रत्येक वेळच्या लघवीचे माप व वेळ एका वहीत लिहावी. उठता-बसता वही लिहिणे आमच्यासारख्यांच्या अंगवळणी पडलेले असते, इतरांना कंटाळवाणे वाटेल. पण या तीन दिवसांच्या नोंदीतून डॉक्टरांना जे कळते ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळत नाही. चोवीस तासांतील एकूण लघवीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रात्रीच होत असेल, तर दोष प्रोस्टेटचा नसून रात्री लघवी अधिक तयार होण्याचा असू शकतो. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते व रात्री लघवीवाटे बाहेर पडते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, झोपेत श्वास अडण्याचा विकार ही कारणेही असू शकतात. अशा माणसाला प्रोस्टेटचे चूर्ण किंवा गोळी दिल्याने काय साधणार? दुपारी तासभर पाय उंच करून पडणे किंवा रक्तदाबाच्या औषधाची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे, याचा कधीकधी अधिक गुण येतो.

आता पुडीविषयी. परदेशात या त्रासासाठी सर्वांत अधिक खपणारी वनस्पती म्हणजे सॉ पाल्मेटो. 2006 मध्ये अमेरिकेत 225 पुरुषांवर वर्षभर तिची चाचणी झाली, आणि 2011 मध्ये 369 पुरुषांवर नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत ती देऊन पाहण्यात आली. दोन्ही वेळा हुबेहूब दिसणाऱ्या निरुपयोगी गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. ध्यानात घेण्यासारखी बाब अशी की, निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांनाही थोडेफार बरे वाटले होते. हा त्रास मुळातच कमी-अधिक होत असतो. मनुष्य तो वाढला असताना औषध सुरू करतो आणि तो ओसरला की श्रेय औषधाला देतो. शेजाऱ्याला गुण आला, हे म्हणणे खोटे नसते. पण तेवढ्याने औषध सिद्ध होत नाही. जीवनसत्त्व ई व सेलेनियम यांची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या आशेने 35 हजारांहून अधिक पुरुषांवर त्यांची चाचणी झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी अधिक आढळले. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समज बाळगू नये.

गोखरू, वायवर्णा इत्यादींवर आपल्या देशात लहान अभ्यास झाले आहेत. एवढ्या मोठ्या चाचण्यांचे बळ त्यांच्या पाठीशी नाही. ज्यांची आयुर्वेदावर श्रद्धा आहे त्यांना आम्ही परावृत्त करीत नाही. वर्ध्याजवळ सालोड येथे आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे; तेथे किंवा अन्य पदवीधर वैद्यांकडे जावे, असेच सांगतो. विरोध आहे तो बाजारातल्या बेनामी पुडीला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. ज्याची मूत्रपिंडे आधीच दाबाखाली आहेत त्याला हे परवडणारे नाही.

या सर्वांत आम्हाला भय वाटते ते एका प्रकाराचे. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, शिल्लक वाढत जाते, तरी दुखत काहीच नाही. मग रात्री अंथरूण ओले होऊ लागते. घरातले म्हणतात, बाबांचे आता वय झाले. सून मामंजींची गादी निमूटपणे धुते, कुणी काही बोलत नाही. प्रत्यक्षात भरून वाहणाऱ्या हौदासारखी ती स्थिती असते आणि मागे मूत्रपिंडे महिनोन्महिने खराब होत असतात. लघवी एकाएकी बंद झालेला मनुष्य कळवळून मध्यरात्री का होईना रुग्णालयात येतो, त्याला नळी घालून मोकळे करता येते. हा न दुखणारा मनुष्य मात्र उशिरा येतो आणि त्याच्यापुढे कधीकधी डायलिसिसचा प्रश्न उभा राहतो. लघवीनंतर केलेली पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन साध्या तपासण्यांनी हे आधी कळते. वर्षभराच्या पुड्यांवर होणारा खर्च या तपासण्यांपेक्षा थोडा नसतो, हे हिशेबनीस म्हणून आम्ही सांगू शकतो.

लघवीत रक्त येणे, थंडी वाजून ताप येणे, पाठीच्या कण्यात सतत दुखणे, वजन घटणे, यांपैकी काही असल्यास कोणताही घरगुती उपाय करीत बसू नये. प्रोस्टेटचा कर्करोग आरंभी लक्षणे दाखवीत नाही, आणि लघवीचा त्रास कमी झाला म्हणजे कर्करोग नाही असेही होत नाही. पी.एस.ए. ही रक्ततपासणी कोणी करावी, याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. त्रास सौम्य असेल तर सवयींची शिस्त पाळून तीन महिन्यांनी पुन्हा दाखविणे पुरते. मध्यम त्रासाला गोळ्या आहेत; काहींचा गुण थोड्या दिवसांत दिसतो, तर ग्रंथी आक्रसविणाऱ्या गोळीला सहा महिने द्यावे लागतात. तेवढ्याने न भागल्यास दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्यामुळे तज्ज्ञांसाठी दूर जाण्याचे कारण उरत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी की, वडिलांना किंवा आजोबांना तपासणीस आणताना खोलीत त्यांना एकट्याने बोलण्याची मुभा द्यावी. मुलासमोर किंवा सुनेसमोर ते सांगत नाहीत. चालू असलेल्या सर्व गोळ्या, सिरप आणि चूर्णाच्या पुड्या, नाव असो वा नसो, सोबत आणाव्यात. त्या पाहून येथे कोणी रागावत नाही. तीन दिवसांची वहीही आणावी. नातवंडांच्या जुन्या वहीतील कोरी पाने त्यासाठी चालतील.