शिरस्त्राण : नाम, रूप आणि प्रयोजन

'शिरस्त्राण' हा शब्द आपल्या घटकांतूनच वस्तूचे प्रयोजन सांगतो. शिरस् म्हणजे मस्तक आणि त्राण म्हणजे रक्षण. व्हिएतनामी भाषेत याच वस्तूला 'मू बाओ हिएम' म्हणतात. त्यातील 'मू' म्हणजे टोपी, आणि 'बाओ हिएम' हाच शब्द तेथे विम्यासाठीही रूढ आहे. तेव्हा त्या नावाचा शब्दशः अर्थ 'विम्याची टोपी' असा करावयास हरकत नाही. त्याच देशातील लोकांनी मोठ्या, सर्व डोके झाकणाऱ्या हेल्मेटला थट्टेने 'विजेवरचे भाताचे भांडे' असेही नाव दिले होते. पहिली दोन नावे वस्तूने काय करावे ते सांगतात. तिसरे, ती डोक्यावर घेणाऱ्याला कशी वाटते ते सांगते. सुरक्षितता आणि सोय यांमधील वाद या नावांच्या दरम्यान कोठेतरी आहे. हेल्मेटचा रूढ आकार सोडून जे नवे आकार निघाले, त्यांची पारख करताना प्रथम 'त्राण' कशात आहे हे पाहिले पाहिजे.

१९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाले व सहा दिवसांनी मृत्यू पावले. त्यांच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केअर्न्स हे होते. पुढे १९४१ साली केअर्न्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून दाखविले की, महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लष्करी निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे झाले. मात्र त्या काळच्या हेल्मेटची रचना कठीण कवच आणि आत पट्ट्यांचा पाळणा एवढीच होती. आज ज्याला मुख्य मान द्यावयाचा तो चुरडणारा थर नंतर आला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सी. एफ. लोंबार्ड यांच्या अशा रचनेस १९५३ साली पेटंट मिळाले. मराठी माणूस ज्याला 'थर्मोकोल' म्हणतो त्याच जातीच्या, परंतु अधिक घट्ट द्रव्याचा हा थर असतो. बाहेरचे चकचकीत कवच पाहून ग्राहक किंमत ठरवितो. काम बहुतांशी हा आतला, दिसायला अगदी सामान्य असा थर करतो.

त्याचे कार्य समजण्यास थोडे गणित पुरते. डोक्याला इजा किती होणार हे त्याचा वेग किती अंतरात नाहीसा होतो यावर अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या २२ क्रमांकाच्या नियमात, त्याच्या पाचव्या सुधारणेनुसार, हेल्मेट सेकंदास ७.५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २७ किलोमीटरने, ऐरणीवर आपटून पाहत, आणि आतील नमुना-मस्तकाचे अवत्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या २७५ पटींपलीकडे जाऊ नये अशी अट असे. हा वेग अडीच सेंटिमीटर अंतरात समान रीतीने शमला, तर सरासरी अवत्वरण सुमारे ११५ पट येते. तोच एका सेंटिमीटरात शमला, तर ते सुमारे २८७ पट होते. प्रत्यक्षात अवरोध सर्वत्र समान नसतो व थर पूर्ण दबतही नाही. म्हणून कमाल आकडा याहून मोठाच येणार. यावरून असे दिसते की, जे हेल्मेट टोपीइतके पातळ आहे ते, त्याचे कवच कितीही कठीण असो, ही परीक्षा उतरणे शक्य नाही. सोय म्हणून विकला जाणारा पातळपणा म्हणजे थांबण्याचे अंतरच कापून घेणे होय. (आयोगाने सहाव्या सुधारणेत याहून कमी व अधिक वेगांच्या आणि तिरप्या आघाताच्या परीक्षाही घातल्या आहेत.)

दुसरी अट साधी आहे, पण तिचा विसर लवकर पडतो: आघाताच्या क्षणी हेल्मेट डोक्यावर असले पाहिजे. हनुवटीखालचा पट्टा सैल असेल तर उत्तमातले उत्तम हेल्मेटही स्वाराच्या आधी रस्त्यावर पडते.

या अटीचाच एक व्यापक अर्थ असा की, हेल्मेट मुळात घातले गेले पाहिजे; आणि येथे सोयीचा पक्ष बळकट होतो. व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट बंधनकारक झाले. उष्ण व दमट हवेच्या त्या देशात अर्धे डोके झाकणारी, हलकी, हवा खेळू देणारी हेल्मेटेच बहुसंख्यांनी स्वीकारली. काहींना मागे वेणीसाठी खाचही असते. कायद्यानंतर रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या पाहणीत डोक्याच्या इजेचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी व मृत्यूचा सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. जर्मनीत हानोवर येथील अपघातांच्या अभ्यासात हेल्मेटवरील आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर आढळले, आणि अर्ध्या हेल्मेटमध्ये तो भाग पूर्ण उघडा असतो, हे खरे. तरीही घरी खुंटीवर राहिलेल्या पूर्ण हेल्मेटपेक्षा डोक्यावरचे, पुरेशा थराचे अर्धे हेल्मेट श्रेयस्कर मानलेच पाहिजे.

परंतु त्याच देशात या तडजोडीच्या आडून दुसरी वस्तू शिरली. उन्हाळी टोपीच्या आकाराची, आत केवळ कापड किंवा नाममात्र थर असलेली प्लास्टिकची टोपी 'मू बाओ हिएम' म्हणून विकली जाऊ लागली. नाव तेच राहिले, अर्थ गेला. अखेर २०१३ साली तेथील शासनाला कवच, आघात शोषणारा थर आणि पट्टा या तीन अंगांनी हेल्मेटची व्याख्या करावी लागली. शब्दाचा अर्थ निसटू लागला की परिपत्रक काढावे लागते, याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकांनीही टिपून ठेवण्याजोगे आहे.

उचलता येणाऱ्या हनुवटीची हेल्मेटे हा वेगळा प्रकार. बीएमडब्ल्यूने १९८१ साली असे हेल्मेट बाजारात आणले. चष्मा लावणाऱ्याला, वाटेत पाणी पिणाऱ्याला त्याची सोय उघड आहे. बिजागरी व खटका यांमुळे वजन थोडे वाढते. येथे युरोपीय नियमाने एक उत्तम गोष्ट केली, ती म्हणजे चिठ्ठीवरील अक्षरे. 'पी' म्हणजे हनुवटीचा भाग रक्षक आहे. 'जे' म्हणजे तो भागच नाही. 'पी/जे' म्हणजे मिटलेल्या व उघडलेल्या दोन्ही स्थितींत हेल्मेट नियमास उतरले आहे. सर्वांत बोलके अक्षरयुग्म 'एनपी' हे होय: हनुवटीचा भाग आहे, पण तो रक्षण करीत नाही. आकार जे खोटे सुचवितो ते अक्षराने नाकारलेले आहे.

ऑस्ट्रेलियातील 'व्हॉझ' हेल्मेट पाठीमागून उघडते आणि त्यास हनुवटीखाली पट्टा नाही. डोके वरून कोंबावे लागत नाही, म्हणून खालचे तोंड अरुंद ठेवता येते. अपघातानंतर पुढचा भाग सुटा करून मान न हलविता काढण्याची योजनाही आहे. येथे सोयीसाठी थर कापलेला नाही, केवळ बांधण्याची रीत बदललेली आहे. म्हणून टोपीसारख्या हेल्मेटशेजारी त्याला 'विचित्र' या एकाच सदरात बसविणे अन्यायाचे ठरेल. मात्र या रचनेत सर्व भार बिजागरी व कुलुपावर येतो, आणि पट्टा तपासणे जितके सोपे तितके कुलूप तपासणे सोपे नाही.

मराठीत या विषयाची चर्चा 'हेल्मेटसक्ती' या शब्दाभोवती फिरते. इंग्रजी नाम आणि फारसी 'सक्ती' यांचा हा समास पुण्याच्या वृत्तपत्रांना चांगलाच परिचित आहे. वस्तूला जोडले गेलेले पद त्राणाचे नसून बंधनाचे असल्यामुळे, दंड चुकविण्यास पुरेल एवढ्याच वस्तूचा शोध सुरू होतो आणि पातळ टोपीला गिऱ्हाईक मिळते. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १२९ च्या स्पष्टीकरणात मात्र शिरस्त्राणाचे लक्षण नेमके दिले आहे: आकार, द्रव्य आणि रचना यांमुळे अपघातात काही प्रमाणात रक्षणाची वाजवी अपेक्षा करता येईल असे, आणि पट्ट्यांनी वा अन्य बंधनांनी डोक्यास घट्ट बांधलेले. १ जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेच्या चिन्हाशिवाय दुचाकीस्वारांचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तथापि चौकातील पोलिसाला दुरून दिसतो तो या लक्षणातील केवळ आकार. द्रव्य आणि रचना अस्तराखाली झाकलेली राहतात, आणि पट्टा लावलेला आहे की नुसताच लोंबतो आहे, हे जवळ गेल्यावरच कळते.