‘सैराट’ : टाळ्या कुणाच्या, परीक्षण कुणाचे?

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्याने कसा काढला हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, जनावरे चारा छावणीत आणि माणसे टँकरपुढे रांगेत होती. भूम तालुका खव्यावर जगणारा. चारा नाही म्हणजे दूध नाही आणि दूध नाही म्हणजे भट्टी थंड. अशा त्या उन्हाळ्यात २९ एप्रिलला ‘सैराट’ लागला आणि ज्या घरांत हंडाभर पाण्यावरून कुरबुरी चालल्या होत्या त्याच घरांतली पोरे बार्शीला जाऊन तो दोन-दोनदा पाहून आली. दुष्काळात हा काय शौक, असे म्हणणारे म्हणाले. पण मे महिन्यात काम नाही, रान करपलेले, कॉलेजला सुट्टी; तरण्या पोरांनी तीन तास गारव्याला बसू नये तर काय करावे?

सिनेमाचे वेड आपल्याकडे नवे नाही. मात्र एका चित्रपटावरून वस्तीत, एस.टी. स्टँडवर, खव्याच्या भट्टीवर आणि विहाराच्या ओट्यावर माणसे इतकी हिरिरीने भांडलेली आम्ही पूर्वी पाहिली नव्हती. त्याचे पहिले कारण उघड आहे. चित्रपट आपल्या अंगणातला होता. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. भूमहून निघाले की परंडा आणि परंड्यापलीकडे करमाळा. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी. चित्रपट लागण्याआधीच, मार्च २०१६ मध्ये, तिला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला होता. पडद्यावरची ऊसाची रानं, केळीच्या बागा, विहिरी आणि ती बोली, सगळे ओळखीचे. पुण्या-मुंबईचे मराठी ऐकून आपल्या बोलण्याची लाज बाळगणाऱ्या पोरांना पहिल्यांदा वाटले की, नायकसुद्धा आपल्यासारखाच बोलतो. मराठी चित्रपटाने तिकीट खिडकीवर शंभर कोटींचा आकडा ओलांडल्याची ही पहिली वेळ. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘नटसम्राट’ने केलेला विक्रम चार महिनेही टिकला नाही. काही गावांत तर रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले.

आता भांडणाकडे वळू. शहरातल्या वर्तमानपत्रांत परीक्षणे आली, सोबत तारे आले. कुणी चार दिले, कुणी साडेचार. बहुतेकांनी कौतुकच केले. पण कशाचे कौतुक केले हे पाहण्यासारखे होते. परीक्षकांना उत्तरार्ध आवडला, विशेषतः शेवटची काही मिनिटे. पूर्वार्ध त्यांना लांबलेला, गाण्यांनी भरलेला, हिंदी सिनेमाच्या वळणाचा वाटला. आमच्याकडच्या पोरांचे नेमके उलटे. ‘झिंगाट’ लागले की खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचणाऱ्यांना मध्यंतरानंतरचे हैदराबाद रटाळ वाटले. झोपडपट्टी, बाटल्यांचा कारखाना, डोशाची गाडी, नवरा-बायकोचा संशय आणि भांडण. एका पोराने आम्हाला सरळ विचारले की, हे दाखवायला तिकीट कशाला काढायचे, हे घरी फुकट दिसते.

या पोराचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. ज्याने गरिबी पाहिली नाही त्याला पडद्यावरची गरिबी धाडसी वाटते. जो गरिबीतच वाढला त्याला पूर्वार्धातला उसाचा फड, घोडा आणि बुलेट धाडसी वाटते. तरीही आमचे मत परीक्षकांच्या बाजूने झुकते, त्यांच्या कारणांसाठी मात्र नव्हे. पळून गेल्यावर भाकरी कशी मिळते, कोण आसरा देते, भांडण झाल्यावर माहेर नसलेली मुलगी कुठे जाते, हे आपल्या सिनेमाने कधी दाखवलेच नव्हते. आपला सिनेमा लग्नाच्या हारांवर संपत असे. मंजुळे यांनी हारांनंतरचे दाखवले. आणि पूर्वार्ध तसा हसता-नाचता नसता तर शेवट असा अंगावर आला नसता, हे परीक्षकांच्या लक्षात यायला हवे होते.

दुसरा वाद आपल्या समाजांतर्गत होता आणि तो अधिक कडाक्याचा होता. ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये आला होता. डुक्कर उचलून नेणाऱ्या जब्याच्या मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. तो प्रसंग पाहून आपल्या कार्यकर्त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांतल्याच काहींनी ‘सैराट’ पाहून हात झटकले. ते म्हणाले, ‘फँड्री’ आपला, ‘सैराट’ बाजाराचा. जात आहे, पण तोंडाने कुणी म्हणत नाही. नायक मार खातो, पळतो, लढत कुठेच नाही. वरून प्रस्थापिताची मुलगी म्हणजे सौंदर्य आणि शौर्याची मूर्ती!

यातला पहिला आक्षेप आम्हाला मान्य नाही. वर्गात दलित साहित्य शिकवणारे लोखंडे सर आठवा. मोबाईलवर बोलणाऱ्या पाटलाच्या पोराला ते जाब विचारतात आणि पोरगा भर वर्गात त्यांना थोबाडीत मारतो. पुढे संस्थेत त्याची दखल कशी घेतली जाते? हसण्यावारी. आपल्यातले कितीतरी शिक्षक खाजगी संस्थांत नोकरी करतात. त्यांना या प्रसंगात जातीचे नाव घेण्याची गरज वाटली नाही. त्यांना तो गाल आपलाच वाटला. एवढ्या एका प्रसंगाचा उल्लेख शहरातल्या किती परीक्षणांनी केला? आम्ही वाचलेल्या बहुतेकांत तो नव्हता.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. त्याच्या पहिल्याच अंकात, मुंबई इलाख्यातली बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, ही तक्रार त्यांनी मांडली होती. चित्रपट-परीक्षण ही गोष्ट त्या मानाने किरकोळ, असे कुणी म्हणेल. पण लाखो लोकांनी पाहिलेल्या गोष्टीत काय महत्त्वाचे आणि काय नाही हे परीक्षक ठरवतो. त्याच्या गालावर कधी थप्पड बसली नसेल तर थप्पड त्याच्या नजरेतून सुटते. हे दुष्टपणाने होते असे नाही, सवयीने होते.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही झटकून टाकू शकत नाही. पारशाने लढायला हवे होते का? हा प्रश्न भूममध्ये विचारला जातो तेव्हा त्याला खर्ड्याची किनार असते. खर्डा जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या शिवेला लागून. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे अकरावी-बारावीच्या वयाच्या आपल्या एका मुलाला, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून, मारून झाडाला लटकवले. ‘सैराट’ लागला तो दिवस त्याच्या दोन वर्षांनंतरचा, वर एक दिवस. मंजुळे यांनी तारीख जुळवली असे आम्ही म्हणत नाही. पण भूम, परंडा, जामखेडचा प्रेक्षक पडद्यावरचे रक्त पाहतो तेव्हा त्याच्या मनात कोणते गाव येत असेल हे सांगायला समीक्षक लागत नाही. म्हणूनच काही पालकांना हा शेवट नकोसा झाला. ते म्हणाले, आमच्या पोरांना आधीच भीती आहे, ती आणखी कशाला घालता? जोडपे जगते, संसार करते, असे का नाही दाखवले? अशी जोडपी काय जगत नाहीत?

जगतात. आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला तर आम्ही पहिल्या दिवशी जाऊ. पण शेवट बदलायला हवा होता असे आम्हाला वाटत नाही. चालत येणारे ते लेकरू, त्याच्या पावलांचे ठसे आणि संगीत बंद. तीन तास नाचलेले सभागृह त्या क्षणी गप्प होते. ज्यांच्या घरात प्रिन्ससारखा मुलगा वाढतो आहे तेही त्या अंधारात गप्प बसलेले होते. एवढे काम दहा परिसंवादांनी होत नाही.

तिसरा आरोप बाहेरून आला. हा चित्रपट शाळकरी पोरांना पळून जायला शिकवतो, असे आधीपासून म्हटले जात होते. १३ जुलै २०१६ रोजी कोपर्डीत एका निष्पाप मुलीवर पाशवी अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्याचा निषेध आपण सर्वांनी केला आणि करायलाच हवा होता. त्यानंतरच्या संतापात काहींनी ‘सैराट’लाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दोघांच्या संमतीच्या प्रेमाची कथा आणि बलात्कार यांची सांगड कशी घातली जाते, हे आम्हाला तेव्हाही उमगले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशी सुनावली. त्याच महिन्यात खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी, साक्षीदार फितूर झाल्यामुळे, निर्दोष सुटले. वाचकांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

शाळकरी वयाच्या प्रेमाबद्दल पालकांना वाटणारी काळजी मात्र खोटी नाही. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण होईपर्यंत लग्न नाही, आधी शिक्षण, हे आपल्या घरांत ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण ते जातीच्या नावाने सांगू नये. जातिभेद मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे असे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये स्पष्ट लिहिले. आपण ते भाषणात मांडतो आणि घरी पोटजातीची चौकशी करतो.

याच अनुषंगाने एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. पारशाचा बाप पंचांपुढे हात जोडून उभा राहतो, मुलीचे लग्न जमत नाही म्हणून गयावया करतो आणि स्वतःलाच मारून घेतो. इथे मारणारा पाटील नाही. दबलेल्यांचीच पंचायत दबलेल्याला वाळीत टाकते. या दृश्यावर ना शहरातले परीक्षक बोलले, ना आपले कार्यकर्ते. योगायोग असा की चित्रपट लागण्याच्या पंधरवडाभर आधी, १३ एप्रिल २०१६ रोजी, विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर केले होते. प्रत्यक्षात तो कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला.

‘सैराट’मध्ये जात नाही म्हणणाऱ्यांना खरे उत्तर मुंबईच्या हिंदीवाल्यांनी दिले. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली असे अवतार झाल्यावर जुलै २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. गाव गेले आणि उदयपूर आले. चुलीजवळची माणसे गेली आणि चकचकीत हवेल्या आल्या. जातीचा उल्लेख तर पुसटसा उरला. शेवटी मुलगी जिवंत राहते, मारला जातो तो तिचा नवरा आणि बाळ. तेव्हा ‘सैराट’ बाजारू म्हणणारे आमचे काही मित्र ‘धडक’ पाहून आले आणि गप्पच झाले. जात काढून घेतली की त्या गोष्टीत उरते काय, हे त्यांना शंभर लेखांपेक्षा लवकर कळले. एकाने मात्र अजून हट्ट सोडलेला नाही. मार्च २०२२ मध्ये ‘झुंड’ आला, त्यात जयंतीची मिरवणूक आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे अमिताभ बच्चन दिसले, तेव्हा तो म्हणाला, हा दिग्दर्शक आता आपल्याकडे परत आला. म्हणजे मध्यंतरी तो कुठे गेला होता, हे भांडण अजून चालूच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पुरुषांची ही सगळी भांडणे तारे, जात आणि शेवट यांभोवती फिरली. आमच्या माता-भगिनींचा वाद वेगळाच होता. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी, विहिरीवरच्या पोरांना दरडावणारी आर्ची त्यांना आवडली, त्यात दुमत नव्हते. त्या अडल्या त्या फोनवर. संसार मार्गी लागतो, बाळ मोठे होते आणि आर्ची आईला फोन करते. आईने पाठवलेला आहेर घेऊन भाऊ दारात येतो. तरुण मुली म्हणाल्या, फोन करायलाच नको होता, तिथेच चुकले. वयस्क बाया म्हणाल्या, असे कसे म्हणता गं, लेकरू झाल्यावर आईची आठवण येणार नाही का? तो आहेर आईच्या मायेचा होता की मुलांनी आईला फसवले, यावर त्यांचे एकमत झाले नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांचा विचार राज्यांनी करावा असे आदेश दिले. ते आम्ही एका बैठकीत वाचून दाखवले. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, तिथून आईला फोन करू देतात का?