कुंडीतील उंच सूर्यफूल

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत घरापुढील अंगणे दुर्मिळ झाली असली, तरी गच्चीवरील कुंडीत माणसाच्या उंचीचे सूर्यफूल वाढविता येते. शाळेच्या आवारातही हा प्रयोग करण्याजोगा आहे.

जून ते सप्टेंबरच्या मुसळधार पावसात कुंडीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून पेरणी पाऊस सरल्यावर करावी. कुंडी निदान ३० सें. मी. खोल व तळाशी छिद्र असलेली घ्यावी. तीत माती, शेणखत व रेती भरावी. रोप उपटून लावल्यास सोटमूळ दुखावते. यास्तव बी कुंडीतच पेरावे व एकच रोप राखावे. आधाराची काठी पेरतानाच रोवावी.

सूर्यफूल सदैव सूर्यामागे वळते, ही समजूत अर्धीच खरी आहे. कोवळ्या रोपाच्या खोडाची पूर्वेकडील बाजू दिवसा व पश्चिमेकडील बाजू रात्री अधिक वाढते. म्हणून शेंडा सायंकाळी पश्चिमेस झुकतो व पहाटेपर्यंत पूर्वेस परततो. वाढ थांबली, की उमललेले फूल पूर्वाभिमुखच राहते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी कुंड्या फिरवून केलेले प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. पूर्वाभिमुख फुले सकाळी लवकर उबदार होतात व त्यांच्याकडे मधमाश्या अधिक येतात, असे त्यांत आढळले.

सज्जात उजेड एकाच बाजूने येतो. म्हणून निरीक्षणासाठी कुंडी प्रथमपासून उघड्यावर ठेवावी. शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये. मुलांनी सकाळी, दुपारी व सायंकाळी शेंड्याची दिशा वहीत नोंदवावी आणि फूल उमलल्यावर ती पुन्हा पाहावी. ऐकीव गोष्ट स्वतः पारखून घेण्याची सवय त्यांना यातूनच लागेल.