मौनाचा मठ : कार्थुसियन संन्यासी

सुरुवात : १०८४. या ख्रिस्ती संन्यासी संघाचे संस्थापक संत ब्रूनो सहा सोबत्यांसह फ्रान्समधील ग्रनोबल शहराजवळच्या शार्त्रूझ डोंगरात राहायला गेले.

एकांत : प्रत्येकाला स्वतंत्र छोटे घर आणि भिंतीआडची बाग. प्रार्थना, वाचन, अंगमेहनत, झोप तिथेच. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून मिळते. मांस वर्ज्य.

एकत्र प्रार्थना : दिवसातून तीनदा चर्चमध्ये : मध्यरात्री, सकाळच्या मिस्साला आणि सायंकाळी. मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी रोजची झोप मोडावी लागते.

संवाद : आठवड्यातून एकदा डोंगरात लांब फेरफटका, तेव्हा मनमोकळ्या गप्पा.

चित्रण : दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी १९८४ मध्ये या मठात चित्रीकरणाची परवानगी मागितली, ती सुमारे सोळा वर्षांनी मिळाली.

श्रद्धा : हा एकांत जगाकडे फिरवलेली पाठ नव्हे. दाराआड बसून हे संन्यासी साऱ्या जगासाठीच प्रार्थना करतात.